धरलंही नाही, सोडलंही नाही

जुलै 1953. कोरियातलं युद्ध थांबवण्याच्या करारावर सह्या करण्यासाठी पानमुंजोमला एक लाकडी इमारत घाईघाईनं उभी राहिली. बांधली उत्तरेकडच्यांनी. अमेरिकी अधिकारी ती पाहायला गेले तेव्हा दोन गोष्टी त्यांना खुपल्या. एक म्हणजे इमारतीवर पिकासोचं शांतीचं कबूतर रंगवलेलं होतं, आणि हे कबूतर तेव्हा कम्युनिस्ट प्रचाराचं चिन्ह समजलं जायचं. दुसरं म्हणजे आत यायचं दार उत्तरेकडूनच होतं. म्हणजे दक्षिण कोरियाच्या मदतीला आलेल्या, अमेरिकेच्या नेतृत्वाखालच्या संयुक्त राष्ट्रांच्या बाजूच्या माणसांनी उत्तरेच्या अंगणातून वळसा घेत, आश्रितासारखं आत शिरायचं. या बाजूचे सरसेनापती, अमेरिकेचे जनरल मार्क क्लार्क अडून बसले. कबुतरं झाकली गेली, दक्षिणेच्या अंगाला नवं दार पाडलं गेलं. 27 जुलैला सकाळी दहा वाजता लेफ्टनंट जनरल विल्यम हॅरिसन एका दारानं आले, उत्तर कोरियाचे जनरल नाम इल दुसऱ्या दारानं. दोघं वेगळ्या टेबलांवर बसले, सह्या केल्या आणि एकमेकांशी एक शब्दही न बोलता निघून गेले.

दार हवं असं म्हणणाऱ्या जनरलचं नाव इतिहासात आहे. ते दार कुठे पाडलं तर समोरच्याला आपण हरलो असं वाटणार नाही, याचा विचार दोन्हीकडच्या कुणीतरी बसून केला असणार. त्या माणसांची नावं कुठेच नाहीत. माझी सगळी नोकरी सरकारी कचेरीत टिप्पण्या आणि मसुदे लिहिण्यात गेली, म्हणून असेल, पण इतिहास वाचताना माझं लक्ष या बिननावाच्या माणसांकडे आधी जातं. साहेबांच्या भूमिका ठरलेल्या असतात. जाहीरपणे बोलून झालेलं असतं, त्यामुळे मागे फिरता येत नाही. मग रात्री उशिरा दोन्ही बाजूंचे दोन-तीन खालचे अधिकारी एका खोलीत बसतात आणि दोघांनाही घरी जाऊन मान वर करून सांगता येईल अशी वाट शोधतात. ही वाट सापडेपर्यंत तिकडे माणसं मरत असतात, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत असतं.

खुर्च्या-टेबलांवरून भांडणाऱ्या मुत्सद्द्यांना हसण्याची पद्धत आहे. मला ते हसू कधीच येत नाही. जुलै 1951 मध्ये केसाँगला वाटाघाटी सुरू झाल्या तेव्हा अमेरिकी बाजूचे प्रमुख, व्हाइस ॲडमिरल टर्नर जॉय, यांना बसायला दिलेली खुर्ची समोरच्या नाम इल यांच्या खुर्चीपेक्षा चांगलीच बुटकी निघाली. त्यांनी ती बदलून घेतली, पण तोवर समोरच्या छायाचित्रकारांनी फोटो काढून घेतले होते. पुढे टेबलावरच्या छोट्या झेंड्यांची चढाओढ लागली. एकानं ठेवला की दुसऱ्याचा त्याहून उंच. आज हे पोरकट वाटतं. पण ज्या बाजूचा माणूस फोटोत बुटका दिसतो त्या बाजूच्या आघाडीवरच्या सैनिकाला ‘आपण शरण चाललोय’ असं वाटू शकतं, आणि वाटाघाटीत बसलेल्याला त्या सैनिकाचंही ऐकावं लागतं.

व्हिएतनामच्या पॅरिस वाटाघाटींचंही तेच. दक्षिण व्हिएतनामच्या सरकारला दक्षिणेतल्या, त्याच्याविरुद्ध लढणाऱ्या कम्युनिस्ट मुक्ती आघाडीला बरोबरीचा पक्ष मानायचं नव्हतं. ते म्हणत, बाजू दोनच. हनोई, म्हणजे उत्तर व्हिएतनामचं सरकार, म्हणत होतं, शिष्टमंडळं चार. टेबलाच्या आकारावर कित्येक आठवडे गेले. जानेवारी 1969 मध्ये तोडगा निघाला: मधे एक गोल टेबल, त्यावर ना झेंडे ना नावाच्या पाट्या, आणि त्याच्या दोन विरुद्ध अंगांना साधारण हातभर अंतरावर सचिवांसाठी दोन आयताकृती टेबलं. गोल टेबलाकडे बघून हनोईनं ‘चार’ म्हणावं, बाजूच्या दोन टेबलांकडे बघून सायगावनं, म्हणजे दक्षिणेच्या सरकारनं, ‘दोन’ म्हणावं. बोलण्याचा क्रम चिठ्ठ्या टाकून. कुणी कुणाला काही मान्य केलं नाही आणि तरी सगळे बसले. ज्या सुतारानं ती टेबलं बनवली त्याचे हात धरावेत असं मला वाटतं.

टेबलाचा प्रश्न सुताराकडून सुटतो. कोरियाच्या युद्धकैद्यांचा प्रश्न तसा नव्हता. त्यात लाकडाऐवजी माणसं होती, आणि तो सोडवायला जी माणसं गेली ती आपली होती. आपल्याकडे या प्रकरणाची आठवण फार कमी निघते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

1949 च्या जिनिव्हा कराराचं 118 वं कलम अगदी सरळ आहे. लढाई थांबली की युद्धकैद्यांना विनाविलंब सोडून मायदेशी पाठवायचं. दुसऱ्या महायुद्धानंतर वर्षानुवर्षं परक्या मुलखात डांबून ठेवलेल्या कैद्यांचा अनुभव ताजा होता, त्यातून हे कलम आलं. कैद्यालाच घरी जायचं नसेल तर काय, हा प्रश्न ते लिहिणाऱ्यांपुढे ठळकपणे नव्हता. कोरियात तो समोर येऊन उभा राहिला. उत्तरेच्या बाजूनं लढलेल्या चिनी कैद्यांतले कितीतरी जण आधी चँग कै-शेकच्या, म्हणजे माओशी लढून हरल्यावर तैवानला गेलेल्या कम्युनिस्टविरोधी नेत्याच्या, सैन्यात होते. चीनमधली सत्ता बदलली आणि तेच सैनिक माओच्या सैन्यात आले. कोरियन कैद्यांत दक्षिणेतून जबरदस्तीनं भरती केलेले होते. एप्रिल 1952 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या कमांडनं छाननी केली, तेव्हा सुमारे 1,70,000 जणांपैकी सुमारे 70,000 जणच परत जायला तयार आहेत असा आकडा पुढे आला. चीन आणि उत्तर कोरियाच्या दृष्टीनं ही सरळसरळ थप्पड होती. आमचीच माणसं आमच्याकडे यायला नाकारतात, हे जगासमोर कोणतं सरकार कबूल करील? आणि अमेरिकेच्या दृष्टीनं, जो माणूस ‘मला परत पाठवू नका’ म्हणून रडतोय त्याला संगिनीच्या टोकावर पाठवणं शक्य नव्हतं.

दोन्ही म्हणण्यांत तथ्य होतं, आणि दोन्ही म्हणण्यांत खोटही होती. छावण्यांमधली ‘इच्छा’ किती स्वतंत्र होती? कोजे बेटावरच्या छावणीत कैद्यांचे गट एकमेकांवर राज्य करत होते. काही आवारांत कम्युनिस्टांचं, काही आवारांत त्यांच्या विरोधकांचं. कैद्यांच्या अंगावर कम्युनिस्टविरोधी घोषणा गोंदवलेल्या होत्या. अशी घोषणा अंगावर घेऊन माणूस परत कसा जाणार? मे 1952 मध्ये तर तिथल्या कम्युनिस्ट कैद्यांनी छावणीचे प्रमुख ब्रिगेडियर जनरल डॉड यांनाच पकडून ओलीस ठेवलं. या एका प्रश्नापायी शस्त्रसंधी वर्षाहून जास्त रखडली, आणि तेवढा काळ डोंगरमाथ्यांवर माणसं मरत राहिली.

भारताचा मसुदा 1952 च्या हिवाळ्यात न्यूयॉर्कमध्ये आकाराला आला. पुढे चेहरा संयुक्त राष्ट्रांतल्या भारतीय शिष्टमंडळाच्या व्ही. के. कृष्ण मेनन यांचा. त्यांच्या स्वभावाविषयी लोक काहीही म्हणोत, मसुदा शिवण्याचं त्यांचं कसब मला विलक्षण वाटतं. कैद्यांवर बळजबरी करायची नाही, परत पाठवण्यासाठीही नाही आणि परत जाऊ न देण्यासाठीही नाही, ही मधली शीर. कैदी एका तटस्थ आयोगाच्या ताब्यात द्यायचे आणि त्यांच्या-त्यांच्या देशांच्या प्रतिनिधींनी येऊन त्यांना समजावण्याची संधी द्यायची. एकही कैदी जबरदस्तीनं जाणार नाही, म्हणून अमेरिकेचं म्हणणं राहिलं. परत पाठवणं हा नियम आणि बाकी सारं अपवाद, म्हणून जिनिव्हाचं कलमही शाबूत. 3 डिसेंबर 1952 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं ठराव 54 विरुद्ध 5 मतांनी मंजूर केला. सोव्हिएत संघाचे विशिन्स्की यांनी मात्र भारताला चांगलं झोडपलं. चीननंही ठराव फेटाळला. सगळी मेहनत पाण्यात गेल्यासारखं वाटलं असेल त्या शिष्टमंडळातल्या माणसांना.

पण चांगला मसुदा मरत नाही, कपाटात वाट पाहतो. 5 मार्च 1953 ला स्टालिन गेले. 30 मार्चला चीनचे पंतप्रधान झाऊ एनलाय यांनी जाहीर केलं की ज्यांना परत यायचं नाही ते कैदी तटस्थ देशाकडे सोपवायला आपली तयारी आहे. 8 जूनला कैद्यांविषयीचा करार झाला, त्यात भारताच्या मसुद्याचा सांगाडा ओळखू येतो. पाच देशांचा आयोग: स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि भारत. पहिले दोन एका बाजूनं सुचवलेले, पुढचे दोन दुसऱ्या बाजूनं. अध्यक्ष भारत. आणि कैद्यांचा प्रत्यक्ष ताबा फक्त भारतीय सैन्याकडे; दुसऱ्या कुठल्याही देशाच्या बंदुकीवर दोघांचा एकमतानं विश्वास बसत नव्हता.

त्यातही घात झालाच. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांना शस्त्रसंधीच नको होती. 18 जूनच्या रात्रीपासून त्यांनी आपल्या पहारेकऱ्यांकरवी सुमारे 27,000 कम्युनिस्टविरोधी कोरियन कैदी परस्पर सोडून दिले. करार मोडता मोडता वाचला. भारत कम्युनिस्टांचा हस्तक आहे, भारतीय सैनिकानं आमच्या भूमीवर पाऊल ठेवता कामा नये, अशी ऱ्ही यांची भूमिका. आता करायचं काय? सहा हजारांच्या आसपास भारतीय सैनिक जहाजांनी इंचॉनच्या किनाऱ्यापर्यंत पोचलेले, पण किनारा दक्षिण कोरियाचा. त्यांना जायचं होतं दोन सैन्यांच्या मधल्या निर्लष्करी पट्ट्यात. तोडगा असा निघाला की सैनिकांना अमेरिकी विमानवाहू जहाजावर घ्यायचं आणि तिथून हेलिकॉप्टरनं थेट पट्ट्यात उतरवायचं. ऱ्ही यांचा शब्द राहिला, कुणाचा पाय त्यांच्या मातीला लागला नाही, आणि सैनिक जिथं जायचे तिथं गेले. मला हा सगळ्या प्रकरणातला सर्वांत सुंदर तोडगा वाटतो. 1953 मध्ये हेलिकॉप्टर हे लहानसं यंत्र होतं, एका खेपेत मोजकी माणसं मावायची. किती फेऱ्या झाल्या असतील! कुणीतरी त्या फेऱ्यांचं वेळापत्रक लिहिलं असेल, वजनं मांडली असतील, आणि हे सगळं एका वृद्ध अध्यक्षाचा जाहीर शब्द न मोडता व्हावं म्हणून.

आयोगाचे अध्यक्ष होते लेफ्टनंट जनरल के. एस. थिमय्या. त्यांच्या मदतीला बी. एन. चक्रवर्ती हे आयसीएस अधिकारी, जे पुढे हरियाणाचे राज्यपाल झाले, आणि राजकीय सल्लागार म्हणून पी. एन. हक्सर, ज्यांचं नाव पुढे इंदिरा गांधींच्या सचिवालयाशी जोडलं गेलं. कैद्यांची राखण करणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख आपल्या कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. थिमय्या आणि थोरात दोघंही जानेवारी 1945 मध्ये ब्रह्मदेशातल्या कांगॉच्या लढाईत एकाच ब्रिगेडमधल्या दोन पलटणींचे कमांडर होते. जपान्यांशी समोरासमोर लढलेली ही माणसं. त्यांना आता एक असं काम दिलं होतं ज्यात बंदूक चालवावी लागली तर काम फसलं असंच म्हटलं गेलं असतं.

भारतीय तळाला नाव दिलं हिंदनगर. सप्टेंबरात कैदी ताब्यात आले. दक्षिणेकडून 22,604: त्यांत 14,704 चिनी आणि 7,900 कोरियन. उत्तरेकडून 359: त्यांत 335 कोरियन, 23 अमेरिकी आणि एक ब्रिटिश. दक्षिणेकडचे कैदी भारतीयांवर दगड फेकतच आले. त्यांना सांगितलं गेलं होतं की हे लोक तुम्हाला कम्युनिस्टांच्या हाती देणार. 25 सप्टेंबरला चिनी कैद्यांनी मेजर ग्रेवाल या भारतीय अधिकाऱ्याला आवारात ओढून धरून ठेवलं. थोरात मोजक्या सहकाऱ्यांसह, बिनशस्त्र, त्या आवारात शिरले. हजारोंचा खवळलेला जमाव सभोवार. कुंपणाबाहेरच्या सैनिकांनी गोळी झाडली असती तर आत गेलेला एकही भारतीय जिवंत परत आला नसता आणि आयोग तिथंच संपला असता. थोरात बोलत राहिले, ऐकत राहिले, आणि आपल्या अधिकाऱ्याला सोडवून बाहेर आले. या कामगिरीसाठी त्यांना अशोकचक्र वर्ग 2, म्हणजे आजचं कीर्तिचक्र, मिळालं. लढाईतल्या शौर्याला पदक असतं हे सगळ्यांना माहीत आहे. गोळी न झाडण्यालाही असतं, हे मुलांना सांगावं असं मला वाटतं.

प्रत्येक वेळी ते जमलं नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या दोन दिवसांत आवारांतून दंगल उसळली, कैदी कुंपणावर चालून आले आणि भारतीय रक्षकांनी गोळीबार केला. तीन कैदी मेले. त्यातला दुसरा दिवस 2 ऑक्टोबर होता. गांधींच्या देशाच्या सैनिकांनी गांधींच्या वाढदिवशी नि:शस्त्र कैद्यांवर गोळ्या घातल्या, हे सत्य पुसून टाकावं असं नाही. त्या जागी उभ्या असलेल्या वीस-बावीस वर्षांच्या शिपायाला काय वाटलं असेल, तेही माझ्या मनातून जात नाही.

आता समजावण्याचं काम. करारानं त्यासाठी नव्वद दिवस दिले होते. तंबू उभारले. एकेक कैदी आत येणार; समोर त्याच्या देशाचे प्रतिनिधी, भोवती आयोगाच्या पाचही देशांची माणसं, दुसऱ्या बाजूचे निरीक्षक आणि दुभाषी. प्रतिनिधी सांगणार: घरी चल, तुझी आई वाट बघतेय, तुला शिक्षा होणार नाही. कैदी ऐकून घेणार आणि दोनपैकी एका दारानं बाहेर पडणार. एक दार मायदेशाकडे, दुसरं परत छावणीकडे. या तंबूचा नुसता आराखडा पाहिला तरी त्यामागची तळमळ कळते. कैद्याला लिहून द्यायला नको, भाषण करायला नको, पाय जिकडे वळतील तेच उत्तर.

प्रत्यक्षात 15 ऑक्टोबरला पहिले चिनी कैदी आत आले ते आरडाओरडा करतच. समजावणाऱ्यांवर थुंकले, खुर्च्या उचलल्या, ‘तैवान, तैवान’ ओरडत छावणीच्या दारानं गेले. काहींना मात्र तासन्‌तास समजावलं गेलं आणि तो ताण बघणाऱ्यांनाही सोसवेना. कोरियन कैद्यांच्या आवारांनी तर बाहेर यायलाच नकार दिला. चीनची मागणी: त्यांना ओढून बाहेर काढा, आवारांतली दादागिरी मोडा. पोलंड आणि चेकोस्लोव्हाकियाचा त्याला दुजोरा. स्वीडन आणि स्वित्झर्लंड म्हणाले, बळजबरी केलीत तर आम्ही यात नाही. दोन विरुद्ध दोन. निर्णय थिमय्यांचा. त्यांनी बळजबरीला नकार दिला. 23 डिसेंबरला नव्वद दिवस संपले तेव्हा समजावण्याचं काम जेमतेम दहा दिवस झालेलं होतं.

यावरून कुणी म्हणेल, भारत शेवटी पाश्चात्त्यांकडे झुकला. पण डिसेंबरअखेरीस आयोगाचा अंतरिम अहवाल झाला, त्यात दक्षिणेकडच्या छावण्यांत कैद्यांच्या म्होरक्यांची दहशत होती, परत जायची इच्छा बोलून दाखवणं धोक्याचं होतं, हे लिहायची वेळ आली, तेव्हा भारतानं पोलंड आणि चेकोस्लोव्हाकियाबरोबर सही केली; स्वीडन आणि स्वित्झर्लंड यांनी वेगळा अहवाल दिला. आणि हे नुसतं म्हणणं नव्हतं. आवारांमध्ये खून झाल्याचे पुरावे भारतीय अधिकाऱ्यांना मिळाले होते, संशयितांवर खटलेही उभे राहिले, पण ते तडीला गेले नाहीत. परत जायला तयार झालेल्यांपैकी पुष्कळांनी तो निर्णय तंबूत नाही, तर रात्री कुंपण ओलांडून भारतीय पहारेकऱ्यापाशी येऊन सांगितला होता. माझ्या मते तटस्थपणाची कसोटी इथं दिसते. दर वेळी दोन्ही बाजूंच्या बरोबर मधे उभं राहणं सोपं आहे, तिथं विचारच करावा लागत नाही. बळजबरी नको या प्रश्नावर एका बाजूबरोबर आणि दहशत होती या प्रश्नावर दुसऱ्या बाजूबरोबर सही करायची, आणि दोघांच्याही शिव्या खायच्या, याला छाती लागते. आपल्याकडे असल्या माणसाला ‘याचं तळ्यात-मळ्यात चाललंय’ म्हणून मोकळे होतात. तळ्यात-मळ्यात करणाऱ्याला स्वतःचं मतच नसतं. इथं प्रत्येक प्रश्नावर मत होतं, आणि ते प्रश्न बघून होतं.

जानेवारी उजाडला तशी खरी कोंडी आली. कराराप्रमाणे समजावण्याचे नव्वद दिवस झाले की उरलेल्या कैद्यांचा प्रश्न शस्त्रसंधीनंतर दोन्ही बाजूंच्या सरकारांची जी राजकीय परिषद भरायची होती तिच्यापुढे जायचा होता, तिनं तीस दिवसांत ठरवायचं, नाहीतर एकूण एकशे वीस दिवसांनी आयोगानं त्यांना नागरिक म्हणून मोकळं करायचं. पण राजकीय परिषद भरलीच नव्हती. संयुक्त राष्ट्रांच्या कमांडचे जनरल जॉन हल यांचं म्हणणं, परिषद भरो न भरो, मुदत संपली की 23 जानेवारी लागताच कैदी मोकळे. चीन-उत्तर कोरियाचं म्हणणं, समजावण्याचं काम झालंच नाही, परिषद झाली नाही, म्हणून कैदी तुमच्याच ताब्यात राहू द्या. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. सहा हजार सैनिकांनी बावीस हजार माणसं मुदतीनंतर धरून ठेवायची तर रक्त सांडणार. आणि नागरिक म्हणून सोडायचं तर त्यासाठी करारात सांगितलेल्या पायऱ्याच पुऱ्या झालेल्या नव्हत्या, तसं जाहीर करायचा अधिकार आयोगाला पोचतो कुठे?

या दिवसांत हिंदनगरात कागदांवर किती खाडाखोड झाली असेल, याची मला कल्पना करता येते. थिमय्यांनी जे ठरवलं ते असं: आम्ही कैद्यांना सोडत नाही. आम्ही त्यांना धरूनही ठेवत नाही. ज्यांनी ते आमच्या ताब्यात दिले त्यांच्या ताब्यात ते परत देतो. आणि त्याबरोबरच लेखी कळवलं की समजावण्याची प्रक्रिया आणि परिषद झाल्याशिवाय त्यांना नागरिक म्हणून मोकळं करणं हा आमच्या मते करारभंग ठरेल. म्हणजे कैदी हातातून गेले, पण ‘हे योग्य झालं’ अशी सही त्यावर भारतानं केली नाही.

20 जानेवारी 1954 रोजी आवारांची दारं उघडली. चिनी कैदी झेंडे घेऊन, रांगा करून बाहेर पडले. भारतीय सैनिक दुतर्फा उभे राहून मोजत होते. ही मोजणी मला फार महत्त्वाची वाटते. रांगेतून चालताना एखाद्याला शेवटच्या क्षणी वळून भारतीय सैनिकाकडे यायचं असेल, ‘मला घरी जायचंय’ म्हणायचं असेल, तर ती संधी तिथं होती, आणि काही जण तसे वळलेही. बाकीचे 21,000 हून जास्त कैदी दक्षिणेकडे गेले. चिनी कैदी जहाजांनी तैवानला पोचले. तैवाननं 23 जानेवारी हा या कैद्यांच्या सुटकेचा ‘फ्रीडम डे’ म्हणून साजरा केला. उत्तरेकडच्या छावणीत उरलेल्यांत 21 अमेरिकी आणि एक ब्रिटिश होते. त्यांना परत घ्यायला चीननं आधी नकार दिला, कारण घेतलं तर भारताचा निर्णय मान्य केल्यासारखं झालं असतं.

चीन रागावला, दक्षिण कोरिया तर आधीच रागावलेला होता, अमेरिकेलाही करारभंगाचा ठपका आवडला नाही. मला विचाराल तर हा निर्णय बरोबर होता, आणि तो अपुराही होता. बावीस हजारांतल्या केवळ 628 जणांनी मायदेशी परत जायचं ठरवलं. हा आकडा सगळ्यांच्या मनातला खरा आकडा आहे असं मी म्हणू शकत नाही. भीती नसती तर तो किती असता? आयोगाला ते शोधून काढता आलं नाही, कारण ते शोधायचं तर माणसांना ओढून बाहेर काढावं लागलं असतं, आणि ती बळजबरी टाळण्यासाठीच तर सारा खटाटोप होता. याहून चांगला मार्ग मला आजवर सुचलेला नाही आणि कुणी सांगितलेलाही नाही. तरी त्या 628 पेक्षा जास्त असतील अशा, ओठांवर शब्द येऊनही न बोललेल्या माणसांचा विचार मनात राहतो.

राहिले 88. यांनी कुठलंच दार निवडलं नाही. उत्तर कोरियाचे 74, दक्षिण कोरियाचे 2 आणि 12 चिनी. आम्हाला तिसऱ्याच देशात पाठवा, म्हणाले. त्यासाठी करारात तरतूद होती, पण त्यांना घेणारा देश तयार नव्हता. म्हणून जे आपले सैनिक त्यांची राखण करत होते त्यांच्याच बरोबर ते जहाजानं फेब्रुवारी 1954 मध्ये मद्रासला उतरले. भारतानं त्यांना ठेवून घेतलं. पुढे बरेचसे ब्राझील आणि अर्जेंटिनाला गेले, काही इथंच राहिले, संसार थाटले.

त्यांच्यासाठी देश शोधायला दोन वर्षांहून जास्त काळ लागला. त्या काळात त्यांचा खर्च कुठल्या शीर्षाखाली टाकायचा, त्यांना ओळखपत्र कसलं द्यायचं, ना कैदी ना नागरिक अशा माणसाला भाषा शिकवायची तर ती कुठली, हे सगळं दिल्लीतल्या कुठल्यातरी कक्षात कुणीतरी टिप्पणीवर मांडून वरून मंजूर करून घेतलं असणार. थिमय्या आणि थोरातांविषयी मी वाचू शकलो. या टिप्पण्या लिहिणाऱ्यांविषयी अजून काहीच वाचायला मिळालेलं नाही, आणि त्या फाइली राष्ट्रीय अभिलेखागारात असतील तर मला त्या वाचायच्या आहेत.